फेस्ताचा नंबर

लिस्बन,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आग्नेलदादास,
धाकट्या ईडाचा सा. न. वि. वि.

शुक्रवारी सुखरूप पोचले. तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन लावलंस की तेच शिट्ट्या मारतं, म्हणून ठरल्याप्रमाणे कागदावर लिहिते आहे. याचा फोटो काढून पाठवीन. तूही तसंच कर. मी वैभववाडीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा आपली पत्रं चार दिवसांनी पोचायची, आता चार सेकंदांत पोचतील. तुझं अक्षर तेव्हाही लागत नव्हतं, आताही लागणार नाही.

तुझी नात डोळ्यांनी थेट ग्लिनिसवहिनीवर गेली आहे. रिचर्डने आईचंच नाव लेकीला ठेवलं ते फार बरं केलं. तीन महिन्यांची आहे, पण वहिनीसारखीच रोखून बघते, आणि मला उगाच वाटतं की मीठ जास्त पडलंय. सून तुझी दमून गेली आहे बिचारी. रिचर्ड एप्रिलपर्यंत बोटीवर, म्हणजे सगळं एकटीवर. तिची हॉटेलातली रजा दोन मार्चला संपते. तीन तारखेला, सोमवारी, ती हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या बाईला देणार आहेत. मे महिन्यात पाळणाघरात बाळाचा नंबर लागेल. तोवर रोजचे आठ तास बाळ आणि मी. त्यासाठीच तर या वयात एवढा समुद्र ओलांडला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली, हे एक घरचं काय जड जाणार आहे?

उकड्या तांदळाचा डबा विमानतळावर उघडायला लावला, हुंगून बघितला आणि सोडला. रोज सकाळी ब्रेंडाला पेज करून देते. बाळंतिणीच्या अंगी लागायला पेजेसारखं काही नाही.

कार्डाचं म्हणशील तर कट्टा गावच्या बँकेतल्या आकांक्षाने परदेशात चालेल असं करून दिलंच होतं, वर वहीच्या पानावर सूचनाही लिहून दिल्या होत्या. कार्ड आणि रोख एका जागी ठेवू नका. दुकानदाराच्या हातात कार्ड देऊ नका. मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर युरो म्हणा, रुपये म्हटलंत की जास्त कापतात. काल ब्रेंडाबरोबर जाऊन दूध घेतलं. कार्ड मशीनला नुसतं टेकवलं. माझं सिम तुझ्याकडच्या जुन्या फोनात आहे, तेव्हा मी काय घेतलं ते तुला तिथे बसून कळणार. नवरा नको म्हणून लग्न केलं नाही, तर भाऊ नशिबी आला. नंबर आपला नेहमीचाच ठेवला आहे, आठ डिसेंबरचा, आपल्या चर्चच्या फेस्ताचा. आपल्या घरातल्या सगळ्या कार्डांना तोच, म्हणजे विसरायला नको.

एकच सांगते, हसू नकोस. इथल्या गल्ल्या सगळ्या सारख्या चढणीच्या. आज चर्चमधून, मिस्साहून परत येताना दोनदा चुकले. घर सापडलं तेव्हा जिन्यावर जरा टेकले आणि मग वर गेले. ब्रेंडाला बोलले नाही.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. तिने काल टोपलीभर लिंबं आणून दिली, देठापानांसकट. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. दोघी जणी पाच मिनिटं नुसत्या हसत उभ्या होतो.

लोभ वाढवायचा तर वाढव, निदान आहे तेवढा कमी करू नकोस.

तुझी,
ईडा


मालवण,
१६ फेब्रुवारी

चि. ईडास,
आग्नेलचे आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. त्रेसष्टाव्या वर्षी चि. लिहिलं म्हणून रागावू नको, माझ्यासाठी तू तीच आहेस. नातीचा फोटो मोठा करून बघितला. ग्लिनिसच आहे.

आता कामाचं. तुझा जुना फोन मी शर्टाच्या खिशात ठेवतो. वाजलेला ऐकू येत नाही, पण थरथरला की छातीला कळतं. गुरुवारी दुपारी जेवताना थरथरला. तुझ्या खात्यातून तिथल्या एटीएममधून दोनशे युरो काढल्याचा मेसेज होता. आपले अठरा हजार आणि वर. म्हटलं, काढले असतील काही कारणाने. शुक्रवारी त्याच वेळेला पुन्हा थरथरला. पुन्हा दोनशे. घास हातातच राहिला. इथून नेलेले रोख युरो तुझ्यापाशी आहेत. मग एवढे कशाला?

काल कट्ट्याला जाऊन आलो. आकांक्षा भली पोर आहे. मला ऐकू यावं म्हणून ओरडली नाही, कागदावर लिहून दिलं. कार्ड खरंच मशीनमध्ये घातलं होतं. नंबर पहिल्याच वेळेला बरोबर दाबला. हे लांबून कोणी केलेलं नाही. ज्याच्या हातात कार्ड होतं आणि ज्याला नंबर ठाऊक होता, त्यानेच केलंय.

तो कागद खिशात घालून एस्टीत बसलो. तीस वर्षं कंडक्टर होतो, तिकीट न काढलेला माणूस तोंडावरून ओळखायचो. इथे कोणाचं तोंडच दिसत नाही. फेस्ताचा नंबर आपल्या माणसांशिवाय कोणाला ठाऊक असणार, हा विचार कालपासून डोक्यातून जात नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही.

तू काढलेस का, एवढंच कळव. काढले असलेस तर माझं डोकं फिरलंय असं समज. कार्ड बंद करायला आकांक्षा तयार आहे, पण तुझ्यापाशी दुसरं नाही. काय करायचं ते लिही. उत्तर येईपर्यंत खिशातला फोन थरथरू नये, एवढीच प्रार्थना करतो.

नातीला पापा. माझ्यावर लोभ आहे तो पत्राने दाखव.

आग्नेल


लिस्बन,
१८ फेब्रुवारी

ती. आग्नेलदादास,
ईडाचा सा. न. वि. वि.

मी काढले नाहीत. त्या मशीनला मी हात लावलेला नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी मी मिस्साला गेले होते, तिथून सरळ घरी. कार्ड घरीच होतं.

तुझं पत्र वाचलं आणि कपाट उघडलं. पर्स जागेवर, पर्समध्ये कार्ड जागेवर. ते जागेवर आहे याचीच जास्त भीती वाटली. चोर असता तर घेऊन गेला असता. हे कोणीतरी घेतं, वापरतं आणि परत होतं तसं ठेवून देतं. तेव्हापासून कार्ड अंगावरच ठेवलंय, झंपराच्या आत. त्याची कड टोचते तेव्हा बरं वाटतं.

घरात आम्ही दोघी आणि एक तान्हं पोर. दार आतून बंद असतं. मी कोणाचं नाव घेत नाही आणि तूही घेऊ नकोस. पण खोटं कशाला बोलू? ब्रेंडा बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली की मी दाराकडे बघत बसते. तिने पर्सच्या दिशेने हात केला तरी मी उठून बसते, आणि तो हात दुपट्याकडे गेलेला असतो. काल तिने माझे पाय दाबून दिले. मी डोळे मिटून पडले होते आणि मनात हाच विचार. माझी मला लाज वाटली, दादा. ती मात्र अधूनमधून माझ्याकडे अशी बघते की तिला काहीतरी सांगायचंय आणि धीर होत नाही.

तिला अजून काही विचारलेलं नाही. तीन तारीख तोंडावर आली. ज्या घरात आम्ही एकमेकींना भितो, त्या घरात ती माझ्यावर बाळ कसं सोडणार आणि मी तरी कशी राहणार? कार्ड दोन दिवस तरी बंद करू नकोस. परक्या मुलखात हातात काहीच नसण्याची भीती वेगळी असते.

एक सांगायचं राहिलंच. खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. तिने काल टोपलीभर लिंबं आणून दिली, देठापानांसकट. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. दोघी जणी पाच मिनिटं नुसत्या हसत उभ्या होतो. तेवढाच दिवसातला आनंद.

लोभ असू दे, आणि आज जरा जास्त असू दे.

तुझी,
ईडा


मालवण,
१९ फेब्रुवारी

सौ. ब्रेंडा हिस,
सासऱ्याचे आशीर्वाद.

हे पत्र ईडाला दाखवू नये. लिहिणं भाग आहे.

ईडाच्या खात्यातून तेरा आणि चौदा तारखेला कार्डाने पैसे काढले गेले. तिने काढलेले नाहीत. नंबर बरोबर दाबला गेला. तो नंबर आमच्या घरातल्या माणसांनाच ठाऊक आहे. तुमच्या लग्नाच्या वर्षी फेस्ताच्या बाजाराला मीच माझं कार्ड तुझ्या हातात दिलं होतं आणि नंबर सांगितला होता, सून घरची झाली म्हणून. ते आठवून आता वाईट वाटतं.

आमची आई आजारी होती तेव्हा शेवंती मासेवाली घरी यायची. मासे द्यायची, आईला दोन घास भरवायची, आम्ही विश्वास टाकला. आईचे पैसे गेले. मी तिला तिठ्यावर चारचौघांत जाब विचारला. चौदा वर्षं झाली, टोपली घेऊन दारावरून जाते पण थांबत नाही. मन खात असणार, दुसरं काय?

तुला अडचण होती तर सांगायचं होतंस. मी नाही म्हटलं नसतं. रविवारपर्यंत काय ते खरं लिही. नाही तर रिचर्डला बोटीवर कळवीन आणि ईडाला परत बोलावून घेईन. मग तीन तारखेचं तुझं तू बघ.

बाळाला जप.

आग्नेल


लिस्बन,
२२ फेब्रुवारी

ती. पप्पांस,
ब्रेंडाचा नमस्कार.

तुमच्या पत्राचा फोटो आला तेव्हापासून तीन दिवस फोन उशाखाली होता. आधी रागाने लिहिलं, ते फाडलं. मग रडले. आता लिहिते ते सरळ लिहिते.

पैसे घरात आहेत. आंटीने आणलेल्या उकड्या तांदळाच्या डब्यात, तळाशी. गेल्या शनिवारी डब्याला ओल लागल्यासारखी वाटली म्हणून मी तांदूळ परातीत उपसले, तर खाली रुमाल होता. एकावर एक दोन गाठी मारलेल्या. आत युरो. मला वाटलं, आंटी परक्या जागी घाबरल्यात, म्हणून लपवून ठेवले असतील. आमच्या दोडामार्गच्या घरी आजीसुद्धा काजूच्या पोत्यात ठेवायची. मी रुमाल होता तिथे ठेवला आणि वर तांदूळ भरले. त्यांनी ठेवलेले त्यांना आठवत नाहीत, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं.

पण नुसतं तेवढंच नाही, पप्पा. दूध शेगडीवर ठेवून त्या खाली निघून गेल्या. मी न्हाणीत होते. बाहेर आले तर घरभर धूर, टोप काळा, आणि बाळ पाळण्यात खोकत होतं. आंटी वर आल्या आणि मलाच विचारलं की हे गो काय केलंस. मंगळवारी बाळ माझ्या मांडीवर होतं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं की ह्यां चेडू कोणाचां गो. मी थट्टा समजून हसले. त्या हसल्या नाहीत. दोन मिनिटांनी त्यांनीच तिला ग्लिनिस म्हणून उचलून घेतलं.

हे मी आधीच कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण तीन तारीख. कळवलं असतं तर तुम्ही त्यांना बोलावून घेतलं असतं आणि माझी जागा गेली असती. मी स्वतःला सांगत राहिले की नवी जागा आहे, वय झालंय, रुळतील. ही माझी चूक. चोरी केली नाही, पण हे केलं. आता रोज एकच दिसतं. तीन तारखेला मी दार ओढून घेऊन जाईन आणि आठ तास आत काय चाललंय ते मला कळणार नाही.

आंटी माझ्यावर फार माया करतात. मला आई नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना सांगू का आणि कसं सांगू, ते तुम्ही कळवा. आणि सून म्हणून एक सांगते, राग मानू नका. कोणाचं नाव घेण्याआधी घरातले डबे बघत जा.

तुमचा लोभ होता असं मी धरून चालले आहे.

ब्रेंडा


मालवण,
२३ फेब्रुवारी

चि. ईडास,
आग्नेलचे आशीर्वाद वि. वि.

काळजीचं कारण उरलं नाही. आज सकाळीच कट्ट्याला जाऊन आलो. चूक बँकेची होती. आकांक्षाने कॉम्प्युटरवर दाखवलं. दुसऱ्या कोणीतरी काढलेले पैसे तुझ्या नावावर पडले होते, परत जमा होतील. तेव्हा तो विषय डोक्यातून काढून टाक. ब्रेंडावर मुळीच संशय नको, पोर गुणी आहे.

तू मिस्साला एकटी जाऊ नकोस, चढण आहे. ब्रेंडा बरोबर असेल तेव्हाच जा. शेगडीवर काही ठेवलंस की तिथून हलू नकोस. जमलं तर दिवसभरात काय काय केलं ते वहीत लिहून ठेव, तुला आधीपासून सवय आहे. थंडी आहे, डोक्याला बांधत जा. आईलाही थंडी सोसायची नाही.

लिंबांचं वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. बांगडा स्वस्त झालाय.

माझा लोभ तुला ठाऊक आहे, लिहून दाखवायला नको.

आग्नेल


लिस्बन,
२५ फेब्रुवारी

ती. आग्नेलदादास,
ईडाचा सा. न. वि. वि.

रविवारी कट्ट्याची बँक उघडी नसते. चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात मी. तुझ्यापेक्षा दुसरीतली पोरं बरी थाप मारायची.

पण तुझी थाप वाचायच्या आधीच मला कळलं होतं. काल पेजेला तांदूळ काढताना डबा तळाला आला आणि हाताला रुमाल लागला. दोन गाठी. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेला ई. माझाच रुमाल, माझ्याच गाठी. आत वीस-वीसच्या नोटा, नव्या कोऱ्या. मी तशीच जमिनीवर बसले. किती वेळ बसले ते सांगता येत नाही, आणि आता असं काही सांगता आलं नाही की मी लगेच घड्याळ बघते.

मला काही आठवत नाही, दादा. ते मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, औषधाच्या दुकानाला लागून. रोज बघते. मिस्साहून येताना मी तिथे दोन दिवस उभी राहिले असणार. कार्ड घातलं, युरो म्हटलं, फेस्ताचा नंबर दाबला. बोटांना नंबर बरोबर आठवला आणि मला मीच आठवत नाही.

ब्रेंडाला समोर बसवून सगळं विचारलं. धुराचं सांगितलं तिने. बाळाचं विचारलेलंही सांगितलं. तुझं पत्रही दाखवलं. हट्ट केला तेव्हा दाखवलं, तिला बोलू नकोस. ते वाचलं आणि मला तुझा राग आला नाही, माझाच आला. त्याचं कारण आता सांगते. चौदा वर्षं सांगितलं नाही.

शेवंतीने पैसे घेतले नव्हते. आई गेल्यावर महिन्याभराने मी तांदळाचं पिंप धुवायला काढलं. तळाशी आईचा रुमाल होता, दोन गाठींचा. पैसे सगळे आत. तू तोवर शेवंतीला तिठ्यावर बोलून मोकळा झाला होतास. मला वाटलं, आता हे उघड झालं तर दादा गावात तोंड कसं दाखवील. म्हणून मी पैसे गुपचूप चर्चच्या पेटीत टाकले आणि गप्प बसले. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून तिची जाऊ दिली. ती दारावरून जाते आणि थांबत नाही, तेव्हा तिला काय वाटत असेल ते मला दर वेळी कळत होतं. तरी मी ब्रेंडाच्या हाताकडे तशीच बघत बसले. चौदा वर्षांत मी एवढंच शिकले.

आता मुख्य. बाळ माझ्यापाशी एकटं ठेवायचं नाही. हे मी आज, मंगळवारी, पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. उद्या मी म्हणेन की मी ठणठणीत आहे. कदाचित रागावेन, रुसेन, ब्रेंडाला नाही नाही ते बोलेन. तेव्हा माझं ऐकू नका, हे पत्र धरा. ब्रेंडालाही याचा फोटो दिला आहे. तिची जागा जाऊ द्यायची नाही आणि बाळही माझ्यावर सोडायचं नाही, दोन्ही जमेल असं काहीतरी काढा. पाच दिवस आहेत.

आईने शेवटी शेवटी तुझ्याकडे बोट करून मला विचारलं होतं, हो कोण गो. तू ऐकलं नाहीस, तेव्हाही तुझे कान गेलेलेच होते. मला त्या प्रश्नाची भीती वाटते. मरणाची नाही एवढी.

लोभ आहे, हे तुला लिहिलेलं माझ्या लक्षात राहावं.

तुझी,
ईडा


मालवण,
२७ फेब्रुवारी

चि. ईडास,
आग्नेलचे आशीर्वाद वि. वि.

थाप पकडलीस. मला ती कधी जमलीच नाही.

तुझं पत्र घेऊन मी घरातल्या आल्तारापुढे मेणबत्ती लावून बसलो होतो. प्रार्थना काही सुचली नाही. मग उठलो आणि किनाऱ्यावर गेलो. शेवंती सुक्या बांगड्यांना ऊन दाखवत होती. मी तिच्यासमोर वाळूत बसलो आणि सगळं सांगितलं, पिंपाचं, रुमालाचं. माझी चूक झाली म्हटलं. ती बराच वेळ बोलत होती. कानातलं मशीन मी घाईत घरी विसरलो होतो. तिने शिव्या दिल्या की काय म्हणाली, मला कळलं नाही. पुन्हा सांग म्हणायचा धीर झाला नाही. तिचे ओठ हलत होते आणि मी बघत होतो. मग ती उठून गेली. मला तेवढंच मिळायला हवं होतं.

काल ब्रेंडाने लिहिलं की तुझ्या कार्डाचा नंबर बदलायला हवा, तूच तसं सांगितलं आहेस. थोड्या वेळाने माझ्या खिशातला फोन थरथरला. सहा आकडे आले. खाली लिहिलेलं असतं ना, हे कोणालाही सांगू नका, बँकेच्या माणसालाही नाही. मी ते आकडे ब्रेंडाला पाठवले. माफीचं पत्र लिहायला घेतलं होतं, पण आकडे आधी पाठवले. पत्र नंतर गेलं.

रिचर्डला कळवलं आहे. एप्रिलमध्ये तो उतरला की तुला घेऊन येईल. माझ्याकडे पासपोर्ट असता तर मीच आलो असतो. बाळ रडलेलं मला ऐकू आलं नसतं, पण तुझ्याजवळ बसलो असतो. डॉक्टरला दाखवायचं ते दाखव, लाजू नकोस. वरच्या खोलीत तुझं सामान आहे तसंच ठेवतो. घरी आलीस की एकटी असणार नाहीस.

आणि एक. तू लिहीत राहा. तेच तेच लिहिलंस तरी चालेल. मी नवीन म्हणूनच वाचीन.

लोभाचं मी कधी नीट लिहिलं नाही. या वेळेला लिहितो, खूप आहे.

आग्नेल


लिस्बन,
२ मार्च

ती. आग्नेलदादास,
ईडाचा सा. न. वि. वि.

उद्या ब्रेंडा कामावर जाते. तिने निळा झगा इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय आणि तासातासाने उठून बाळाकडे बघते. खालच्या बाई उद्यापासून आठ ते चार आमच्याकडे बसणार आहेत. ब्रेंडाने विचारलं, त्यांनी लगेच हो म्हटलं. ब्रेंडा सांगते की त्यांनी माझ्यासारख्याच विसरायला लागलेल्या आपल्या आईला नऊ वर्षं सांभाळलं. बाळाचं त्या बघतील, पेज मी करीन, शेगडी त्या लावतील. मला हे सगळं मान्य आहे. पण आज ब्रेंडाने शेगडीची कळ काढून ड्रॉवरात ठेवली तेव्हा मी आत जाऊन रडले. एवढं तुलाच सांगते.

बारा तारखेला डॉक्टर आहे. त्याची भीती वाटतेच. बुधवारी राखेचा बुधवार, ब्रेंडा संध्याकाळी मला चर्चला घेऊन जाणार आहे.

शेवंतीला मी आल्यावर भेटणार आहे. तोवर मी विसरले तर तू मला तिच्याकडे घेऊन जा आणि सांग कशासाठी आणलंय ते.

कार्ड ब्रेंडाकडे दिलं. तिने नवा नंबर टाकला आणि माझ्या कानाशी येऊन सांगायला लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, माका नको सांगू गो, तुझ्यापाशीच ऱ्हांव दे. तुझं माफीचं पत्र तिने छापून आणलंय, त्याच्यासोबत तिने कार्ड प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. माझ्याकडे आता जुनाच नंबर आहे. तो कुठेही चालत नाही, म्हणून कोणाला सांगायची भीतीही नाही.

लोभ ठेव. मी ठेवला आहे, कुठे ते सापडेलच.

तुझी,
ईडा

ता. क. तुला लिहायचं राहूनच गेलं होतं. खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. तिने काल टोपलीभर लिंबं आणून दिली, देठापानांसकट. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. दोघी जणी पाच मिनिटं नुसत्या हसत उभ्या होतो.